तीन वेळा दार वाजवले

बहीण : अहो, जरा पेटी ओलांडून या, लागेल पायाला. आणि आधी टेका बघू. चार मजले म्हणजे थट्टा नाही. लिफ्टचं तर नावच काढू नका. दोन महिने झाले, दारावर ‘बंद’ची पाटी लावून सगळे मोकळे झालेत. हं, पाणी घ्या. एका दमात नको.

मॅडम : मी ठीक आहे. तुम्ही बसा ना.

बहीण : बसते कसली! आधी तुमची माफी मागू दे, मग बसते. तीन आठवडे झाले, जिवाला नुसती रुखरुख लागून राहिलीय. तुम्ही बिचाऱ्या दुखरा गुडघा घेऊन एवढ्या पायऱ्या चढून आलात, तीन-तीनदा दार वाजवलंत, आणि आमचे घड्याळजी बंधुराज आत ढिम्म बसून! मी घरी असते तर असं झालं नसतं. पण त्या दिवशी गणवेशांची घाई होती, शिवणघरातून निघताच आलं नाही.

मॅडम : तुम्ही माफी मागू नका.

बहीण : का नको? त्या शुक्रवारी मानसोपचार केंद्रात डॉक्टरांनी तुमचा घरभेटीचा कागद वाचून दाखवला ना, तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि हा म्हणतो कसा, कोणी आलंच नाही! तुमच्या तोंडावर! दुसरी कोणी असती तर तिथल्या तिथे त्याची हजेरी घेतली असती. तुम्ही मात्र खाली मान घालून बसलात. घरी येताना मी त्याला म्हटलंसुद्धा, बघ, याला म्हणतात मोठं मन.

मॅडम : ते कुठे आहेत?

बहीण : आत पडलाय. डॉक्टरांनी गोळी दुप्पट केल्यापासून असाच पडून असतो. अकरा वाजले तरी डोळे उघडत नाहीत. आणि हात? चहाचा कप बशीत नाचतो अगदी. ज्या हातांनी केसाएवढ्या स्प्रिंगा बसवायचा, त्या हातांनी आता सदऱ्याचं बटण लागत नाही. मीच लावते. त्रेचाळीस वर्षांच्या घोड्याची बटणं लावते, तर तो मान फिरवून भिंतीकडे बघतो.

मॅडम : आणि ही पेटी?

बहीण : त्याचीच. हत्यारं आहेत. चिमटे, भिंगं, ते बारके बारके स्क्रू-ड्रायव्हर. बावीस वर्षं कोणाला हात लावू दिला नाही. मी एकदा त्यातल्या चिमट्याने भुवई कोरली, तर दोन दिवस माझ्याशी बोलला नव्हता. आणि परवा आपणहून म्हणाला, ताई, दुकानात पाठवून दे, त्यांना तरी उपयोग होईल. चार वाजता येतोय माणूस न्यायला.

मॅडम : पण ते येत्या सोमवारपासून कामावर जाणार होते ना? मालक खुर्ची रिकामी ठेवणार होते. सहा महिने आपण त्याच सोमवारची तयारी करतोय.

बहीण : मालक ठेवतायत हो, देवमाणूस आहे तो. हाच नाही म्हणतो. म्हणतो, मी दारापासून हातभर अंतरावर बसलो होतो. तीनदा दार वाजलं आणि मला ऐकू आलं नाही. मग घड्याळातलं काय ऐकू येणार? पूर्वी कानाला घड्याळ लावून सांगायचा, मॅडम, हे दिवसाला चार सेकंद मागे पडतंय म्हणून. आता भिंतीवरचंसुद्धा काढून ठेवलंय. तिथे बघा, खिळाच राहिलाय.

मॅडम : पेटी देऊ नका.

बहीण : मीही तेच म्हणते, पण ऐकेल तर शपथ. म्हणून तर तुम्ही आलात तेव्हा बरं वाटलं. तुमचं ऐकतो तो. तुमचा शब्द म्हणजे त्याला...

मॅडम : थांबा जरा. बसा. मला तुम्हाला एक सांगायचंय आणि तुम्ही बोलत राहिलात तर ते माझ्याच्याने बोलवणार नाही.

बहीण : बसले. बोला.

मॅडम : मी आले नव्हते.

बहीण : कुठे?

मॅडम : इथे. त्या मंगळवारी. मी वर आलेच नाही. दार वाजवलं नाही. एकदाही नाही.

बहीण : असं काय करताय? कागदावर आहे की. डॉक्टरांनी वाचलं. ‘तीन वेळा दार वाजवले, आतून प्रतिसाद नाही.’ मला तोंडपाठ झालंय ते.

मॅडम : कागदावर मीच लिहिलं.

बहीण : मॅडम, तुम्हाला बरं वाटत नाहीये का? चेहरा उतरलाय तुमचा. या चार मजल्यांनी चांगल्या चांगल्यांना गरगरतं. जरा आडव्या होता का?

मॅडम : त्यांनाही तुम्ही असंच विचारलं असेल ना? ते म्हणाले, कोणी आलं नाही, तेव्हा.

बहीण : त्याचं वेगळं आहे, मॅडम.

मॅडम : ते खरं बोलत होते. पहिल्यापासून. मी खाली फाटकापर्यंत आले. फोन लावला. उचलला नाही. मी परत फिरले, समोरच्या औषधाच्या दुकानात बाकड्यावर बसले आणि मोबाइलमध्ये भेटीचा फॉर्म भरला. त्यात एक चौकट असते, दार किती वेळा वाजवलं. तीनपेक्षा कमी आकडा टाकला तर पुढचं पान उघडत नाही. मी तीन टाकला.

बहीण : पण फोन तो उचलतच नाही. घंटा वाजली की कानावर हात ठेवून बसतो. हे तुम्हाला माहीत आहे.

मॅडम : माहीत आहे. त्यांच्या फाइलच्या पहिल्या पानावर माझ्याच हाताने लिहिलंय. ‘फोन करू नये, दार वाजवावे.’

बहीण : म्हणजे हा दाराशी बसून राहिला आणि तुम्ही...

मॅडम : हो.

बहीण : अहो, मी त्याला काय काय बोलले! रिक्षात सगळा रस्ता बोलत होते. रिक्षावाला आरशातून बघत होता तरी माझी जीभ थांबेना. म्हटलं, बहिरा झालास का? म्हटलं, तुझ्यापायी मी चारचौघांत मान खाली घालायची किती वेळा? तो म्हणाला, ताई, शपथेवर सांगतो, कोणी आलं नाही. मी म्हटलं, शपथा घेऊ नकोस, तुझ्या डोक्यातलं तुला कळत नाही. असं म्हटलं मी! सख्ख्या भावाला! आणि त्यानंतर तो पुन्हा तसं एकदाही म्हणाला नाही. तीन आठवडे झाले, मॅडम. मी म्हटलं, चला, पटलं वाटतं.

मॅडम : चूक माझी आहे, तुमची नाही.

बहीण : माझी वाटणी तुम्ही नका उचलू. ती माझ्याजवळच राहू दे. मी त्याच्या तोंडापेक्षा तुमच्या कागदाला मानलं. पण तुम्ही तिथे बसला होतात! तुमच्या देखत डॉक्टरांनी गोळी वाढवली. तुमच्या देखत! आणि तुम्ही मूग गिळून बसलात. आणि मी येडी, मोठं मन म्हणून तुमची आरती ओवाळत बसले!

घड्याळजी : (आतून) ताई, हळू. शेजारची बाई तान्ह्या बाळाला निजवतेय. गाणं आत्ताच थांबलं तिचं.

बहीण : तू जागा आहेस?

घड्याळजी : मॅडम दुसऱ्या मजल्यावर थांबल्या, तेव्हापासून. डावा पाय जपून टाकतात. तिसऱ्यावरही थांबल्या. आज बराच वेळ.

मॅडम : तुम्ही सगळं ऐकलंत?

घड्याळजी : भिंत पातळ आहे. मला एवढंच सांगा, तुम्ही फाटकाशी किती वाजता आला होतात?

मॅडम : साडेबाराच्या पुढे. नक्की आठवत नाही.

घड्याळजी : बारा चाळीस. खिडकी उघडी होती. फाटकाची कडी उघडली. ती गंजलीय, दोन आवाज करते. मी सदरा नीट केला. बारा एकेचाळीसला माझा फोन वाजला, आठ घंटा. मी कानावर हात ठेवले, पण मोजल्या. बारा त्रेचाळीसला कडी पुन्हा वाजली. मग पायऱ्यांवर कोणी नाही. मला वाटलं, विसरल्या असतील काही, येतील. सव्वापाचपर्यंत बसलो.

मॅडम : कडी मीच लावली. परत जाताना.

घड्याळजी : दोन्ही वेळा तुम्हीच?

मॅडम : दोन्ही वेळा मीच. तुम्ही बरोबर ऐकलंत. मिनिटाचाही फरक नाही. माझ्या फोनमध्ये बघा, तुम्हाला लावलेला कॉल... हा. बारा एकेचाळीस.

बहीण : अरे, बाहेर आलास? बसून बघ. पडशील. भिंतीला धर.

घड्याळजी : बारा एकेचाळीस. ताई, तू वाच. माझा हात हलतोय, आकडे स्थिर दिसत नाहीत.

बहीण : हो रे बाबा. बारा एकेचाळीसच आहे. मंगळवारच आहे.

घड्याळजी : मी रोज रात्री ते तीन आवाज शोधत होतो, मॅडम. डोळे मिटून तो दिवस पहिल्यापासून लावायचो. शेजारचं बाळ. वरच्यांची खुर्ची सरकली. जिन्यात कुत्रं खाजवत बसलं होतं, त्याच्या गळ्यातली साखळी. सगळं सापडायचं. तुमचे तीन आवाज सापडायचे नाहीत. मग एके रात्री सापडले.

मॅडम : म्हणजे?

घड्याळजी : ऐकू आले. टक टक टक. इतके दिवस शोधल्यावर मन कुठून तरी आणून देणारच की. तेव्हा मी घाबरलो. कारण ते खरे आहेत की माझे, हे मला सांगता येईना. पाच महिने आत काही वाजलं नव्हतं. त्या रात्री पहिल्यांदा वाजलं. दुसऱ्या दिवशी मी ताईला म्हटलं, पेटी देऊन टाक.

मॅडम : हे मी केलं.

घड्याळजी : का आला नाहीत वर?

मॅडम : लिफ्ट बंद होती. गुडघा सुजला होता. त्या दिवशी सात घरं होती, तुमचं चौथं. पाचच्या आत सगळे फॉर्म पाठवायचे होते, नाहीतर वरून...

घड्याळजी : ही कारणं झाली. आज लिफ्ट सुरू झालीय?

मॅडम : नाही.

घड्याळजी : गुडघा?

मॅडम : तसाच आहे.

घड्याळजी : मग?

मॅडम : मला वर यायचं नव्हतं. एवढंच. सकाळी एका घरात आईने स्वतःला कोंडून घेतलं होतं, दोन तास दाराबाहेर बसून बोलत होते मी. पुढच्या घरी मुलगा अंगावर धावून आला. दुपारी आणखी तीन घरं होती, ती टाळण्यासारखी नव्हती. मी फाटकाशी उभं राहून मनात यादी लावली. सात जणांत सगळ्यांत बरे तुम्ही होतात. व्यवस्थित जेवत होता, झोपत होता, सोमवारची तयारी चालली होती. म्हटलं, यांना एक दिवस नाही भेटलं तरी काय बिघडणार? तुम्ही बरे होतात म्हणून तुम्हाला गाळलं.

घड्याळजी : मी बरा होतो.

मॅडम : हो.

घड्याळजी : पुन्हा सांगा.

मॅडम : तुम्ही बरे होतात. त्या मंगळवारी माझ्या यादीत तुमच्याइतकं बरं कोणी नव्हतं.

घड्याळजी : आणि शुक्रवारी? डॉक्टर म्हणाले, बाहेरचं ऐकू येत नाही म्हणजे आतलं वाढलंय. मी तुमच्याकडे बघितलं.

मॅडम : मला दिसलं ते.

घड्याळजी : मला वाटलं, तुम्ही आता बोलाल. तुम्ही पेनाचं टोपण काढलंत आणि पुन्हा लावलंत. दोनदा.

मॅडम : तोंडावर आलं होतं. तेवढ्यात डॉक्टरांनी लिहायला सुरुवात केली. मग वाटलं, बाहेर गेल्यावर सांगू. मग वाटलं, पुढच्या आठवड्यात सांगू. रोज सकाळी वाटायचं आज सांगू आणि रोज ते आणखी जड व्हायचं. बारा वर्षं लोकांना सांगत आलेय मी, मनात ठेवू नका, बोला. याच खुर्चीत बसून तुम्हाला सांगितलं असेल.

घड्याळजी : सांगितलंत. चार वेळा.

बहीण : आणि आज बरी आठवण झाली!

मॅडम : काल फाइल हातात घेतली, गोळी चालू ठेवायची की नाही ते लिहायला. शेवटच्या पानावर लिहिलं होतं, ‘रुग्ण स्वतःहून काम सोडू इच्छितो.’ अक्षर तुमचं होतं, ताई. तुम्ही परवा केंद्रात येऊन लिहून दिलंत. मला रात्रभर ते अक्षर दिसत राहिलं.

बहीण : त्याने सांगितलं, मी लिहिलं. मला काय कळतंय?

मॅडम : सकाळी मी आमच्या केंद्राच्या साहेबांच्या टेबलावर खरं काय ते लिहून ठेवलं. सहीनिशी. डॉक्टरांना फोन केला. त्यांनी उद्या दहा वाजता बोलावलंय तुम्हाला. गोळी ते हळूहळू उतरवतील, हात थांबतील. पण आज रात्रीची नेहमीसारखीच घ्यायची. मनाने एकदम सोडायची नाही, तुम्हाला माहीत आहे.

घड्याळजी : माहीत आहे. तुमचं काय होईल?

मॅडम : चौकशी होईल. कदाचित घरी बसवतील.

बहीण : बसवू देत. चांगलं महिनाभर बसवू देत. गुडघ्याला आराम पडेल.

घड्याळजी : ताई.

बहीण : काय ताई? मला राग आलाय. येऊ दे की मला. इतके दिवस चुकीच्या माणसावर काढत होते. आणि मॅडम, तुम्ही त्या पाण्याच्या पेल्याकडे बघत बसू नका. प्या ते. पुन्हा चार मजले उतरायचेत तुम्हाला.

घड्याळजी : त्या साहेबांच्या कागदावर काय लिहिलंत?

मॅडम : की मी आले नाही. दार वाजवलं नाही. भेटीची नोंद खोटी आहे.

घड्याळजी : मी बरा होतो, हे लिहिलंत?

मॅडम : नाही.

घड्याळजी : म्हणजे त्यात सगळं तुमच्याबद्दलच आहे.

मॅडम : हो. तुमचं बरोबर आहे. माझ्याबद्दलच लिहिलं मी.

घड्याळजी : ते लिहा. या माणसाने त्या दिवशी बारा चाळीसला फाटकाची कडी ऐकली. आठ घंटा मोजल्या. आतून कुठलाही आवाज नव्हता. तो बरा होता. हे माझ्या फाइलमध्ये हवं. उद्या दहाच्या आत.

मॅडम : आत्ता लिहिते. इथेच. तुम्ही वाचा, मग सही करते.

बहीण : मी वाचेन. मोठ्याने वाचेन. आणि यापुढे कोणताही कागद आधी आम्हाला दाखवायचा, मग फाइलला लावायचा.

मॅडम : हो.

बहीण : आणि त्या पेटीचं काय करू, रे? साडेतीन होत आलेत.

घड्याळजी : अजून माहीत नाही.

बहीण : माहीत नाही म्हणजे? आता तर सिद्ध झालं ना, तुझे कान ठणठणीत आहेत म्हणून?

घड्याळजी : फोनवर आकडा दिसला. कडी मी ऐकली होती, ते पटलं. पण ते तीन आवाज अजून आत आहेत, ताई. त्या रात्रीचे. मॅडम सांगतात, वाजलेच नाहीत. मान्य. पण ते माझ्या डोक्यात आहेत आणि खरे कसे वाजतात ते मला माहीतच नाही. मॅडम, तुम्ही कधी आमचं दार वाजवलं आहे?

मॅडम : नेहमी ताई घरी असायच्या. दार उघडंच असायचं.

घड्याळजी : मग एक काम करा. बाहेर जा. दार लावून घ्या. आणि वाजवा.

मॅडम : आत्ता?

घड्याळजी : मी त्या दिवशी बसलो होतो तिथेच बसतो. ताई, स्टूल इकडे घे. पेटीच्या या बाजूला. हातभर. असं.

बहीण : अरे, पण त्यांच्या पायाला...

घड्याळजी : दोन पावलं आहेत. चार मजले नाहीत.

मॅडम : जाते मी. लावा दार.

(दार लागते. मग बाहेरून एकदा दार वाजते, आणि बऱ्याच वेळाने दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा वाजत नाही.)

बहीण : रडतायत वाटतं.

घड्याळजी : हो. भिंतीला टेकून. नाक पुसतायत.

बहीण : मग उघडू का?

घड्याळजी : थांब. दोनच झालेत. कागदावर तीन आहेत.